अभिप्रायांची पिशवी परत देणाऱ्यांचे आभार

२३ जुलै १९२७ रोजी सुरू झालेल्या मुंबई नभोवाणी केंद्रावरून वर्षानुवर्षे मुलाखती घेणारे आमचे आवडते मुलाखतकार निवृत्त होत असल्याने श्रोत्यांनी लिहिलेल्या अभिप्रायांची कापडी पिशवी, चर्चगेटला उतरताना मी लोकलमध्येच विसरलो होतो. ती धावत आणून देणाऱ्या ताईंचे आणि फलाटावर विखुरलेली पोस्टकार्डे एकेक करून वेचणाऱ्या बूटपॉलिशवाल्या दादांचे नाव विचारायचेही राहून गेले. परळच्या एका आजींनी थरथरत्या अक्षरात लिहिले होते की, पाहुणा गहिवरून गप्प झाला तरी हे मुलाखतकार घाई करत नसत. काहींना त्यांचे प्रश्न लांबलेले वाटत, पण तीही पत्रे मला तितकीच मोलाची होती. सर्व पत्रे त्यांच्या हाती सुखरूप पोहोचली. आपणा दोघांचा मी मनापासून ऋणी आहे.