कपाटात बंद होणारे कृतिसंशोधन

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर शाळांच्या बातम्या नियमित येतात, परंतु त्या बहुधा इमारतीच्या, रिक्त पदांच्या किंवा निकालाच्या असतात. वर्गात शिकवताना शिक्षकाला जे उमगते आणि जे तो कोणालाही न सांगता पुढच्या वर्षाकडे वळतो, त्याविषयी मी चार शब्द लिहू इच्छितो. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका दुशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो.

कृतिसंशोधन, म्हणजे शिक्षकाने आपल्याच वर्गातल्या एखाद्या अडचणीवर स्वतः उपाय करून पाहणे आणि त्याचा परिणाम तपासणे, हा शब्द प्रत्येक शिक्षकाला पदविकेपासून ठाऊक असतो. समस्या, तिची कारणे, गृहीतक, पूर्वचाचणी, उपाययोजना, उत्तरचाचणी आणि निष्कर्ष असा त्याचा साचा ठरलेला आहे. अहवाल तयार होतो, वरिष्ठ कार्यालयात जमा होतो, पोच मिळते आणि तेथेच विषय संपतो. नाव आणि शाळेची जागा तेवढी कोरी ठेवलेली तयार कृतिसंशोधने तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळतात, हे आम्हा शिक्षकांना नवीन नाही. पण जो अहवाल कोणी वाचणारच नाही तो मन लावून का लिहावा, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

याचे नुकसान काय होते, ते माझ्याच अनुभवातून सांगतो. तिसरीच्या वर्गात 52 मधून 37 वजा करायला दिले की अनेक मुले 25 उत्तर काढत. एककातल्या 2 मधून 7 जात नाहीत म्हणून ती 7 मधून 2 वजा करीत, आणि दशकात मात्र 5 मधून 3 बरोबर वजा करीत. हातच्याचा सराव कमी पडतो असे समजून मी बरेच दिवस गणितांचा मारा चालू ठेवला. मग पऱ्हाट्यांचे तुकडे करून दहा-दहाचे गठ्ठे बांधले. गठ्ठा सोडून सुट्या काड्या करताना एकही मूल चुकत नव्हते, पण काड्या बाजूला ठेवून पाटी हाती घेतली की उत्तर पुन्हा 25. शेवटी एका मुलीला जवळ बसवून, चूक न दाखवता, तिने असे का केले एवढेच विचारले. ती म्हणाली, “सर, मोठ्यातूनच लहान जाते, असं तुमीच त सांगतलं होतं.”

ती खरे बोलत होती. पहिली-दुसरीत वजाबाकी शिकवताना ‘मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची’ हे वाक्य मी वर्षानुवर्षे म्हणत आलो होतो, आणि मुलांनी ते संख्येऐवजी प्रत्येक अंकाला लावले होते. काड्यांच्या ढिगात लहान-मोठा अंक दिसतच नाही, म्हणून तेथे ती चुकत नव्हती. मी ते वाक्य सोडले. ‘किती आहेत, त्यातून किती काढायचे’ असे म्हणू लागलो आणि काड्या व पाटी यांच्यामध्ये गठ्ठ्यांचे चित्र काढण्याची एक पायरी घातली. चूक पूर्ण गेली असे म्हणणार नाही. दोन मुले आजही घाईत तसेच करतात.

खरी बोच पुढे आहे. एका प्रशिक्षणात दुपारचा डबा खाताना हीच गोष्ट निघाली, तेव्हा आमच्याच केंद्रातील, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातील, एका शिक्षिकेने सांगितले की त्यांनी तीन वर्षांपूर्वी हेच पाहिले होते आणि त्यावरचा अहवालही दिला होता. त्यांची शाळा माझ्या शाळेपासून बारा-चौदा किलोमीटरवर आहे. म्हणजे ती गोष्ट एका कपाटात पडून होती आणि इकडे मी मुलांच्या आणखी तीन तुकड्यांना तेच वाक्य पाठ करून देत होतो.

संशोधनाचा विचार करणाऱ्यांनी हे फार पूर्वी ओळखले आहे. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी 1946 मध्ये कृतिसंशोधनाची कल्पना मांडली, शिक्षणतज्ज्ञ स्टीफन कोरे यांनी 1953 च्या सुमारास अमेरिकेत ती शाळाशिक्षकांपर्यंत नेली, आणि पुढे ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ लॉरेन्स स्टेनहाउस यांनी तर पद्धतशीर शोध इतरांसमोर मांडला गेला तरच त्याला संशोधन म्हणावे, अशी भूमिका घेतली. इतक्या दूर जायचे नसेल तर वर्धा आमच्या शेजारचाच जिल्हा आहे. तेथे 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी भरलेल्या शिक्षण परिषदेने मुलांनी हाताने काम करता करता शिकावे, असे ठरवले. मुलांसाठी मान्य केलेले हे तत्त्व शिक्षकांना मात्र आपण अजून लागू केलेले नाही. त्यांना आपण व्याख्यान देऊनच शिकवतो.

मांडण्यासाठी जागा नाही, असेही नाही. केंद्राची शिक्षण परिषद भरते आणि दहा-बारा शाळांचे शिक्षक एकत्र येतात. पण तिचा बहुतेक वेळ ऑनलाइन माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि नव्या परिपत्रकांत जातो. उरलेल्या वेळात कोणी उपक्रमाचे सादरीकरण केलेच, तर ते यशाचे असते. उत्तरचाचणीत गुण वाढलेच पाहिजेत, हा अलिखित नियम आहे. ‘समस्येची कारणे’ या रकान्यात पालकांचे दुर्लक्ष, अनियमित उपस्थिती आणि सरावाचा अभाव ही तीन कारणे डोळे मिटून लिहिली जातात. शिक्षकाचे स्वतःचे वाक्य हे कारण असल्याचे मी तरी कोणत्याही अहवालात वाचलेले नाही. (व्हॉट्सॲपच्या समूहावर उपक्रमांची छायाचित्रे रोज येतात आणि त्यांना अंगठेही मिळतात, पण मूल कोठे अडले ते छायाचित्रात दिसत नाही.)

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक शिक्षण परिषदेत पहिली चाळीस मिनिटे एका शिक्षकाला द्यावीत. त्याने पीपीटीऐवजी मुलांच्या वह्या आणाव्यात, मुलांची नावे झाकून, आणि काय करून पाहिले, काय जमले नाही, एवढे सांगावे. त्यावर गुण, क्रमांक किंवा प्रमाणपत्र नसावे, कारण स्पर्धा आली की अपयश लपवले जाते. केंद्रशाळेत एक साधी नोंदवही ठेवावी, म्हणजे बदली होऊन आलेल्या नव्या शिक्षकाला ती वाचता येईल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असे म्हटले आहे; ही चाळीस मिनिटे त्यात धरली, तर वेगळा वेळ काढावा लागणार नाही.

आमच्या भागातले कितीतरी प्रश्न बाहेरून येणाऱ्या प्रशिक्षणात कधी येतच नाहीत. कापसाच्या वेचणीत आठवडेच्या आठवडे गैरहजर राहिलेले मूल परत आले की त्याला कोठून धरायचे? घरी कोलामी बोलणारे मूल वर्गात गप्प बसते, ते समजत नाही म्हणून की मराठीत सांगता येत नाही म्हणून? यांची उत्तरे शोधलेले शिक्षक याच तालुक्यांत आहेत. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीतही अशी एखादी गोष्ट सांगायला हरकत नाही. वजाबाकीचा हा किस्सा मी आमच्या समितीला सांगितला, तेव्हा एका पालकाने, शेतावर मजुरीचा हिशेब करताना तोही लहानपणी असाच चुके, असे हसत सांगितले होते.

आपणही आठवड्यातून एकदा जिल्हा पानावर अशा अनुभवाला थोडी जागा द्यावी, ही विनंती. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्यानंतरच्या पहिल्या शिक्षण परिषदेत मी 25 उत्तर असलेल्या वह्या घेऊन जाणार आहे, आणि त्या शिक्षिकेनेही आपला जुना अहवाल आणण्याचे कबूल केले आहे.

आपला,
जिल्हा परिषद शाळेतील एक शिक्षक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ