तारीख कोणाच्या पथ्यावर?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीवर आपल्याकडे भरभरून लिहिलं जातं. पण त्या निवडणुकीतली कोर्टबाजी आली की चर्चा ‘खरं कोण, खोटं कोण’ यापलीकडे फारशी जात नाही. निकाल लांबला तर फायदा कोणाचा, हे आधी विचारायला हवं. शिवाजीनगर कोर्टात आठ वर्षं खेटे घालून मी एवढं नक्की शिकले.

२००९ मध्ये मी आणि धाकट्या बहिणीने नारायण पेठेतल्या वडिलोपार्जित घराच्या वाटपाचा दावा लावला. अर्धा हिस्सा आमचा, अर्धा चुलतभावाचा, आणि सगळं घर त्याच्या ताब्यात. मी बँकेत रोखपाल होते, त्यामुळे लिहून ठेवायची सवय. निळ्या वहीत दर तारखेची एक ओळ. एकूण ६१ तारखा झाल्या, त्यातल्या ३८ पुढे फक्त ‘तहकूब’ लिहिलंय. पुकारा व्हायचा, समोरचे ज्युनिअर वकील मुदतीचा अर्ज द्यायचे, ‘सीनिअर हायकोर्टात आहेत’ म्हणायचे, की आम्ही दोघी परत जिन्यात. मुदत मागितली म्हणून चुलतभावावर कधी दोनशे, कधी पाचशे रुपये खर्च बसायचा. आमच्या हिश्शाचं भाडं तेव्हा महिना सहा हजार सहज आलं असतं. पाचशे भरून सहा हजार वाचत असतील तर कोण मुदत मागणार नाही? भाऊ स्वभावाने वाईट नव्हता. नियमच असे होते की लांबवण्यात त्याचं हित होतं.

गेम थिअरी म्हणतात ती हीच, समोरचा काय करेल हे धरून आपली चाल ठरवण्याचं शास्त्र. मार्टिन शुबिक या अर्थतज्ज्ञाने १९७१ मध्ये डॉलरच्या लिलावाचा खेळ मांडला. डॉलरऐवजी आपण शंभराची नोट धरू. जास्त बोली लावणाऱ्याला नोट मिळते, पण दुसऱ्या नंबरवाल्यालाही आपली बोली भरावी लागते, हातात काही न पडता. नव्वदवर अडकलेला माणूस मग एकशेदहा म्हणतो, कारण थांबला तर नव्वद बुडाले. बहीण दर वर्षी म्हणायची, ‘ताई, एवढे घातलेत, आता कसं सोडायचं?’ शेवटी २०१७ मध्ये लोकअदालतीत तडजोड केली, मागितलं त्यापेक्षा बरंच कमी घेऊन.

आता फ्लोरिडा, २००० साल. अध्यक्ष कोण, हे या एका राज्यावर अडलेलं. बुश आणि गोर या उमेदवारांत ५३७ मतांचा फरक, बुश पुढे. गोर यांनी हाताने फेरमोजणी मागितली ती फक्त चार काउंटींत (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग), त्यांच्या पक्षाचं बळ होतं तिथे. पुढच्या वर्षी वृत्तसंस्थांनी मिळून बाद मतपत्रिका तपासून घेतल्या. त्या चार काउंटींच्या मोजणीने बुशच पुढे राहिले असते. राज्यभरातल्या सगळ्या बाद मतपत्रिका धरल्या असत्या तर गोर थोडक्यात जिंकू शकले असते. मागणीच चुकली होती. शिवाय घड्याळ बुश यांच्या बाजूने होतं. ९ डिसेंबरला तिथल्या सुप्रीम कोर्टाने मोजणी थांबवली, १२ डिसेंबरला ५ विरुद्ध ४ असा निकाल आला, आणि मोजायला दिवस उरला नाही.

ट्रम्प यांच्यावरचा, २०२० च्या निवडणुकीचा निकाल उलटवू पाहिल्याचा खटला ४ मार्च २०२४ ला उभा राहायचा होता. अध्यक्षाला खटल्यापासून संरक्षण किती, हा प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला, त्याचा निकाल १ जुलैला लागला, नोव्हेंबरमध्ये ट्रम्प निवडून आले आणि २५ नोव्हेंबरला खटला निकाली काढला गेला. कोणाला कोण आवडतं हा मुद्दाच नाही. पुराव्याला हातही न लागता फैसला झाला, याने मला अस्वस्थ केलं. मला माझी वही आठवली.

आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत खोट्या, त्रासदायक दाव्याबद्दल भरपाईची कमाल मर्यादा आजही ३,००० रुपये आहे, १९७६ च्या दुरुस्तीपासून. कलम ३५-ब प्रमाणे उशिराचा खर्च भरल्याशिवाय त्या पक्षाला पुढे चालू न देण्याची तरतूद आहे. पण तो खर्च दोनशे-पाचशे असेल तर कोण बिचकणार? समोरच्याचं त्या तारखेने खरोखर किती नुकसान झालं ते विचारून खर्च बसवा, आणि ती तीन हजारांची मर्यादा काढून टाका.

आपल्याला एकच विनंती. निवडणूक याचिका, म्हणजे निवडणुकीच्या निकालाला कोर्टात दिलेलं आव्हान, सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा असं १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो. अशा याचिकेची बातमी देताना पुढची तारीख कोणती आणि ती कोणी मागून घेतली, हे दर वेळी छापत जा.

आपली,
एक निवृत्त रोखपाल
नारायण पेठ, पुणे