सहा बसमध्ये दर दहा मिनिटांची फेरी बसत नाही

प्रति,
वाहतूक व्यवस्थापक,
कासारवडवली–ठाणे स्टेशन शटल सेवा

विषय: सकाळच्या फेऱ्यांमधली गर्दी, अपुऱ्या बस आणि मासिक पास

महोदय,

‘एरियात पब्लिक वाढली, आमचा नाइलाज आहे,’ हे तुमच्या हेल्पलाइनचं ठरलेलं उत्तर. घोडबंदर रोडला माणसं वाढली हे खरंच; कासारवडवलीच्या पुढे गायमुखपर्यंत टॉवर उभे राहिलेत. पण आमच्या बसमधल्या गर्दीचा मोठा भाग तुमच्या वेळापत्रकातूनच येतो.

तुमचा बोर्ड सांगतो, दर 10 मिनिटांनी बस. मार्गावर बस 6. जाऊन-येऊन 60 मिनिटं लागत असतील तर हे गणित जमतं, आणि दुपारी ते जमतंही. सकाळी 8 ते 10 मध्ये तीच फेरी 80 मिनिटांवर जाते: मेट्रो 4 च्या कामाने खाल्लेली रुंदी, सर्व्हिस रोडवरून मुख्य रस्त्यात शिरताना आडवे येणारे कंटेनर, मग कापूरबावडी आणि माजिवडा हे चौक. 80 मिनिटांच्या फेरीला 6 बस म्हणजे दोन बसमध्ये 13 मिनिटांहून जास्त अंतर. तासाला 6 ऐवजी साडेचार फेऱ्या. 32 आसनांच्या हिशेबाने 192 जागांच्या 144 झाल्या. या 48 जागांची माणसं दांड्याला लटकून किंवा पायरीवर उभी राहून जातात. करारात उभ्याने प्रवासाची सोयच नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

त्यात बस जोडीने येतात. पुढची उशिरा आली की थांब्यावर माणसं साचतात, ती चढेपर्यंत तिला आणखी उशीर. मागचीला थांब्यावर कोणी उरत नाही, म्हणून ती सुसाट येऊन पुढचीच्या पाठीला चिकटते. वाघबीळला पहिली खच्चून भरते, मानपाड्याला तिचं दार उघडतही नाही, आणि मागचीत सीट रिकाम्या. याला नवी बस लागत नाही. वाघबीळ आणि मानपाड्याच्या मधे, पाटलीपाड्याला एक सुपरवायझर उभा करा. मागची बस त्याने दोन-तीन मिनिटं रोखून धरली तरी पुष्कळ फरक पडेल.

थांब्यावरचा वेळ खातो तो क्यूआर. दार एकच, पुढचं, आणि स्कॅनर ड्रायव्हरच्या हाताशी. माणशी 5 सेकंद धरले तरी 20 जणांना 100 सेकंद. रेंज गेली की विचारूच नका. पासधारकांना रंगीत कार्ड द्या, ते नुसतं दाखवून आत जातील. स्कॅनिंग फक्त सुट्या तिकिटांचं करा.

एसीबद्दल थोडक्यात. कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो, त्यामुळे सिग्नलला गाडी उभी राहिली की थंडावा कमी होतो. काचा सीलबंद, आत दीडपट माणसं. छताची झडप उघडता येते, पण बहुतेक गाड्यांत तिचा खटका गंजलाय. तिसऱ्या रांगेवरच्या व्हेंटमधून पाणी ठिबकतं, कारण निचऱ्याची नळी तुंबलेली असते. ती फुंकून साफ करणं हे डेपोतलं दहा मिनिटांचं काम आहे.

संध्याकाळी स्टेशनवर वेगळीच तऱ्हा. एक लोकल रिकामी झाली की सगळे एकदम येतात आणि रांगेला साधं रेलिंगही नाही. ॲपवर सीट बुक केलेला आणि पासवाला एकाच दारात भांडतात, कारण एकच जागा तुम्ही दोघांना विकलेली असते.

आमच्या मागण्या अशा. सकाळी 8 ते 10 मध्ये 8 बस द्या. 80 मिनिटांच्या फेरीत 10 मिनिटांचं अंतर राखायला तेवढ्या लागतातच. त्या लगेच मिळत नसतील तर आहे त्यातल्या 2 बस कासारवडवलीहून न सोडता वाघबीळहून रिकाम्या सोडा. कासारवडवलीकरांना ही शॉर्ट ट्रिप आवडणार नाही, पण त्यांना निदान बसायला मिळतं. मानपाडावाल्यांना चढायलाही मिळत नाही. ॲपवर वेळापत्रकातली वेळ न दाखवता जीपीएसवरची खरी जागा दाखवा. या दोन तासांसाठी किती पास विकलेत तो आकडा लेखी कळवा.

उत्तर 15 दिवसांत अपेक्षित आहे. तोवर सकाळच्या वेळेचे नवे पास विकू नका, आणि बस न थांबल्यामुळे ज्यांना रिक्षा करावी लागली त्यांच्या त्या दिवसाचे पैसे पुढच्या महिन्याच्या पासातून वजा करा.

आपले,
मासिक पासधारक प्रवासी,
कासारवडवली–वाघबीळ–मानपाडा, ठाणे (पश्चिम)