चावी घरात, गाडी गायब

संपादक महोदय,

आमच्या सोसायटीतली एक पुश बटणवाली गाडी (चावी नुसती जवळ असली की उघडते आणि बटण दाबून सुरू होते ती) रात्रीत चोरीला गेली, काच फुटली नाही की अलार्म वाजला नाही, चावी मात्र दाराजवळच्या खुंटीला तशीच लटकत होती. होतं काय, एक जण दाराशी यंत्र धरून चावीचा सिग्नल पकडतो, दुसरा तो गाडीपाशी पोचवतो, गाडीला वाटतं मालकच आला! एकदा इंजिन सुरू झालं की चावी लांब राहिली तरी ते लगेच बंद पडत नाही. मी आता माझ्या गाडीच्या दोन्ही चाव्या फॅराडे पाऊचमध्ये, म्हणजे सिग्नल अडवणाऱ्या पिशवीत ठेवतो (आधी चकलीचा स्टीलचा डबा वापरला, झाकण सैल, गाडी आरामात उघडली). शिवाय माळ्यावरचा जुना स्टीअरिंग लॉक काढलाय, शेजारी हसतात, हसू देत. आणि लॅपटॉपची बॅग सीटवर ठेवू नका हो.

– एक वाचक, कोथरूड, पुणे