घराचं काम काढतेय

प्रिय नीलू,

घराचं काम काढायचं नक्की केलंय. परवा फोनवर तुला अर्धवटच सांगितलं, म्हणून आज निवांत लिहायला बसले.

आईचं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेल्यावर हॉलमध्ये नुसती बसून होते, तेव्हा जाणवलं की हे घर अजून तिच्या आजारपणाच्या हिशोबानेच मांडलेलं आहे. भाड्याने आणलेला पलंग केव्हाच परत गेला, पण त्याची जागा तशीच मोकळी. टीव्ही तिला पडल्या पडल्या दिसावा म्हणून वर चढवलेला. वारं सोसत नसे, म्हणून बाल्कनीच्या सरकत्या काचा कायम बंद. जेवणाचं टेबल घडी करून कपाटामागे ठेवलं ते अजून तिथेच आहे. कितीतरी वर्षांत आमच्याकडे कुणी जेवायला आलेलं नाही गं. तिचं केलं ते मनापासून केलं, त्याबद्दल मनात काही नाही. पण आता मला या घरात नव्याने राहायचंय.

सगळे म्हणतात, रंग दे, पडदे बदल, घर नवं वाटेल. मला ते पटत नाही. या इमारतीला तीस वर्षं उलटून गेली, आधी भिंतीच्या आतलं बघायला हवं. सकाळी नळ सोडला की सुरुवातीला तांबूस पाणी येतं. जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आतून गंजून बारीक झालेत. खालच्या वहिनींच्या छताला ओल धरलीय, तिथला रंग पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणजे आमची न्हाणी स्लॅबपर्यंत उकरायची, ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि वॉटरप्रूफिंग नव्याने करायचं आणि फरशी बसवण्याआधी पाणी तुंबवून 48 तास तसंच ठेवायचं. खाली एक थेंब उतरला नाही, तरच पुढचं काम. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, एक रात्र पुरे. मी 48 तासच कोटेशनमध्ये लिहून घेतलंय. वायरिंगही सगळं बदलणार, कारण जुन्या काही सॉकेटना अर्थिंगच नाही. गिझरला आणि एसीला वेगळी 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, शिवाय आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच.

जुन्या फरशीवरच नवी फरशी चिकटवा, तोडफोड वाचेल, असंही सुचवलं गेलं. नको म्हटलं. आधीच इथे बाबांनी मोझॅइकवर एक थर चढवलेला आहे, स्लॅबवर आणखी किती वजन टाकायचं? तीस वर्षांपुढच्या इमारतींना उपविधींप्रमाणे दर 3 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी करावी लागते. आमच्या सोसायटीच्या अहवालात बाल्कन्यांवर भार वाढवू नका असं स्पष्ट म्हटलंय. अख्ख्या डोंबिवलीने बाल्कन्या हॉलमध्ये घेतल्या, तशी बाबांनीही घेतली होती. मी ती परत बाल्कनी करणार आहे. मधे पुन्हा दार बसवायचं, काचा काढायच्या, बाहेर दोन खुर्च्या आणि तुळस. बीम-कॉलमला हात लागणार नाही, इंजिनिअरकडून तसं लेखी घेतलंय.

स्वयंपाकघराचं फार काही नाही. ओटा आईच्या उंचीचा आहे, त्यावर काम करून माझी कंबर भरून येते. तो 34 इंचांवर नेते, बस्स.

एका गोष्टीवरून मात्र मिस्त्रीशी बरीच वादावादी झाली. न्हाणीतल्या भिंतीवरचे स्टीलचे धरायचे दांडे तो काढून टाकायला निघाला होता. ‘ताई, आता कशाला हे, दवाखान्यासारखं दिसतं.’ मी म्हटलं, ते राहणार, आणि दारही रुंद करायचंय. तुला आठवतं ना, सव्वादोन फुटांच्या त्या दारातून व्हीलचेअर जायची नाही. मी आणि मावशी आईला दोन्हीकडून धरून आडवं वळवून आत न्यायचो, आणि त्या वेळी तिचा चेहरा इतका ओशाळा व्हायचा की मी मुद्दाम दुसरीकडे बघायची. आता 3 फुटी दार बसेल, भिंत विटांचीच आहे. मी चोपन्नची आहे. पुढे मला कुणी धरून नेईल की नाही, कोण जाणे, पण माझं मला जाता यायला हवं.

संक्रांत झाली की तोडफोड सुरू. दुपारी दोन ते चार हातोडा बंद, राबिट, म्हणजे तोडफोडीचा राडारोडा, त्याच दिवशी खाली न्यायचं, असे सोसायटीचे नियम आहेत आणि ते रास्तच आहेत. रंग मेच्या मध्यापर्यंत व्हायलाच हवा, पावसाची हवा सुरू झाली की पुट्टी वाळत नाही. पैशांची जुळणी झालीय, ठरलेल्या रकमेवर पंधरा टक्के वेगळे ठेवलेत, कारण जुनी भिंत उघडली की आतून काय निघेल सांगता येत नाही. काम संपेपर्यंत दादाकडे राहीन.

तुझ्याकडून एवढंच हवंय, फरशी आणि रंग निवडायला फेब्रुवारीत दोन दिवस नाशिकहून ये. रंगांचं तुला चांगलं कळतं, आणि टेबल खिडकीशी की ओट्याजवळ हेही आपण दोघींनी उभं राहून ठरवू. चार खुर्च्यांचं घेऊ की सहा? मला सहाचंच हवंय.

जमेल का ते लवकर कळव. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
शुभा