लामारला त्यांनी कसं अडवलं

एलिकॉट सिटी, मेरीलँड
१४ जानेवारी २०१९

ती. अप्पाकाकांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "तुमचं ते पोरगं उघडं पडलं गं. आता बसवतील त्याला." रात्री साडेअकरापासून पहाटेपर्यंत जागून तुम्ही सामना बघितलात, याचंच मला इतकं कौतुक वाटलं की त्या वेळी उलट बोलवेना. पण तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते. लामार जॅक्सन म्हणजे आमच्या बाल्टिमोर रेव्हन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, चेंडू हातात घेऊन प्रत्येक चाल चालवणारा आणि पास फेकणारा गडी. त्याला त्या दिवशी चार्जर्स संघाने अडवलं हे खरंच आहे, आणि फार हुशारीने अडवलं. पण ते कसं केलं हे नीट बघितलंत तर त्याला बसवायचं कारण उरत नाही, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आधी थोडी पूर्वपीठिका. रेव्हन्सने एप्रिल २०१८ मध्ये, नव्या खेळाडूंच्या निवडीत, लामारला पहिल्या फेरीत अगदी शेवटी, ३२ व्या क्रमांकावर घेतलं. कॉलेजात असताना त्याने २०१६ चा हाइझमन करंडक मिळवला होता. तिथल्या खेळातला त्याहून मोठा मान नाही. तरीही बिल पोलियन यांच्यासारखे जुने जाणकार निवडीआधी म्हणत होते की याने क्वार्टरबॅक होऊ नये, पास झेलणारा व्हावं. काळ्या क्वार्टरबॅकना या देशात पिढ्यान्‌पिढ्या हाच सल्ला मिळत आला आहे. बाल्टिमोरमध्ये काळ्यांची वस्ती निम्म्याहून जास्त आहे, आणि आठ नंबरचा जांभळा जर्सी घालून शाळेत जाणारी तिथली पोरं बघितली की लामारचं खेळणं या शहराला किती जवळचं वाटतं ते कळतं.

नोव्हेंबरात संघाचा नेहमीचा क्वार्टरबॅक, जो फ्लॅको, दुखापतीमुळे बाहेर बसला. तेव्हा संघ चार जिंकलेला, पाच हरलेला. पहिल्या मोसमातल्या लामारने सूत्रं हाती घेतली आणि उरलेल्या सातांपैकी सहा सामने जिंकून संघाला गटविजेता केलं. त्या सात सामन्यांत संघ नुसत्या धावण्यावर दर सामन्यात सरासरी दोनशेहून जास्त यार्ड काढत होता. आजच्या फुटबॉलमध्ये हे कुणी करत नाही.

त्याचं मुख्य हत्यार काय ते सांगते. चाल सुरू होते तेव्हा चेंडू क्वार्टरबॅककडे येतो आणि शेजारून धावपटू पळत येतो. रेव्हन्स मुद्दाम समोरच्या फळीतल्या कडेच्या एका गड्याला कुणीच अडवत नाहीत, मोकळा सोडतात. लामार चेंडू धावपटूच्या पोटाशी धरतो आणि त्या मोकळ्या गड्याकडे बघतो. तो धावपटूवर झेपावला तर लामार चेंडू काढून घेतो आणि स्वतः कडेने सुटतो. तो जागीच थांबला तर चेंडू धावपटूला. म्हणजे बचाव करणाऱ्याने काहीही केलं तरी ते चुकतं. त्यात लामारचा वेग असा की मागे उभे असलेले लाइनबॅकर, शंभर किलोच्या वरचे दणकट गडी, वळेपर्यंत तो त्यांना ओलांडून गेलेला असतो.

तुम्ही शाळेत इतकी वर्षं कबड्डी शिकवलीत, त्यामुळे पुढचं तुम्हाला लगेच कळेल. नवा चढाईपटू आला की पहिले दोन-तीन सामने गुण लुटून नेतो. मग समोरचा कोपरारक्षक त्याचा आवडता पाय ओळखतो आणि त्याच पायाची वाट बघत थांबतो. इथे हे ओळखण्याचं काम चित्रफितीवर होतं. प्रत्येक सामना उंचावरून असा टिपतात की दोन्ही संघांचे मिळून बावीसही खेळाडू एकाच चौकटीत दिसतात. ही फीत सगळ्या ३२ संघांना मिळते. नोव्हेंबरात लामारची अशी फीत जवळपास नव्हतीच. जानेवारीत सात सामन्यांची झाली होती. आणि चार्जर्सकडे त्याहून मोलाची गोष्ट होती: २२ डिसेंबरला कॅलिफोर्नियात, स्वतःच्याच मैदानावर, ते लामारकडून २२-१० असे हरले होते. पंधरा दिवसांनी, ६ जानेवारीला, बाद फेरीत पुन्हा तोच मुलगा समोर. पराभव इतका ताजा असला की शिकवणाऱ्याला वेगळी गोष्ट शोधावी लागत नाही.

त्यांचे बचावाचे प्रशिक्षक गस ब्रॅडली यांनी जे केलं त्याने इथले सगळे जाणकार थक्क झाले. बचावाच्या अकरा जणांत साधारणपणे पुढे चार धिप्पाड गडी, मध्ये दोन-तीन लाइनबॅकर आणि मागे चार-पाच हलके, चपळ गडी असतात. ब्रॅडलींनी लाइनबॅकर जवळजवळ काढूनच टाकले. पुढे चार आणि बाकी सात चपळ गडी, आणि हे एखाद्या चालीपुरतं नाही, जवळपास सामनाभर. काही लाइनबॅकर जायबंदी होते ही अडचणही होतीच. पण त्या अडचणीतून त्यांनी डाव रचला. एड्रियन फिलिप्ससारखा एरवी मागे राहणारा सेफ्टी पुढे येऊन लाइनबॅकरच्या जागी उभा राहिला. त्याच्यासारखा गडी लाइनबॅकरपेक्षा हलका असतो, धडकेत कमी पडतो, पण लामार कडेने निघाला तर त्याच्याबरोबर पळू शकतो. लामारच्या सगळ्या युक्तीचा पाया होता की मधला गडी हळू असणार. तो पायाच त्यांनी काढून घेतला.

याला धोका होता, तो तुमच्याही लक्षात आला असेल. हलकी फळी म्हणजे मधून सरळ घुसणाऱ्या धावपटूला मोकळीक. पण जोई बोसा आणि मेल्विन इन्ग्रम हे कडेचे दोघं त्या दिवशी शिस्तीत खेळले. लामारने "बघून ठरवू" म्हणून त्यांच्याकडे पाहिलं की ते झेपही घेत नव्हते आणि गोठूनही राहत नव्हते. आणि मधले गडी आत घुसून धावपटूला सुरुवातीलाच धरत होते. रेव्हन्सचं धावणं शंभर यार्डांच्या आतच अडकलं.

धावणं अडलं की पास फेकावा लागतो, आणि नवख्या क्वार्टरबॅकला बचाववाले खरा त्रास तिथे देतात. हा भाग टीव्हीवर दिसत नाही, म्हणून जरा थांबून सांगते. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये छोटा रेडिओ असतो. प्रशिक्षक त्यावरून चाल सांगतात, समोर काय दिसतंय तेही सांगतात. पण चाल सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो रेडिओ आपोआप बंद होतो. तिथून पुढे पोरगा एकटा. हुशार बचाव नेमका त्या क्षणाची वाट बघतो. तोपर्यंत मागचे दोन सेफ्टी एका पद्धतीने उभे, आणि रेडिओ बंद झाला की किंवा थेट चेंडू हलल्यावर, एक जण पुढे धावतो, दुसरा मध्यभागी सरकतो. मुलाने जे चित्र मनात धरलं होतं ते पुसलं जातं. नवं चित्र वाचायला त्याच्याकडे दोन-अडीच सेकंद, आणि अंगावर बोसा. अनुभवी माणसाला ही सरकासरक शेकडो वेळा बघून पाठ झालेली असते. नवखा मुलगा पहिल्या ठरलेल्या गड्याकडे बघतो, तो झाकलेला दिसला की थबकतो, आणि थबकला की खाली जातो. त्या दिवशी लामार सात वेळा चेंडूसकट मागेच धरला गेला. त्यांतले कित्येक केवळ त्या थबकण्याचे होते.

मी स्टेडियमवर नव्हते, घरीच बघत होते. तिसरा टप्पा संपेपर्यंत त्याचे जेमतेम तीन पास पोचले होते, सगळे मिळून पंचवीस यार्ड. लोक आपल्याच मुलाची हुर्यो उडवत होते, फ्लॅकोच्या नावाने ओरडत होते. फ्लॅको या शहराला अजिंक्यपद मिळवून देणारा माणूस, त्याच्याविषयीचं प्रेम मला समजतं. पण एकवीस वर्षांच्या मुलावर सत्तर हजार लोकांनी ओरडावं हे मला अजिबात सहन झालं नाही. त्याचा बाविसावा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता. बाद फेरीच्या सामन्याची सुरुवात करणारा इतका लहान क्वार्टरबॅक या लीगमध्ये आजवर झालेला नाही. प्रशिक्षक जॉन हार्बॉ यांनी त्याला काढलं नाही, याबद्दल मी त्यांना मनोमन नमस्कार केला.

आणि काका, तुम्ही बहुतेक २३-३ झाल्यावर झोपायला गेलात. शेवटच्या टप्प्यातली पुढची मिनिटं राहूनच गेली. तिथे त्याने मायकेल क्रॅबट्रीला दोन टचडाउन पास दिले, म्हणजे चेंडू थेट शेवटच्या रेषेपलीकडे पोचवणारे, पहिला चांगला ३१ यार्डांचा. २३-१७. मिनिटभरापेक्षा कमी वेळ उरला असताना चेंडू पुन्हा त्याच्याकडे आला, एक टचडाउन झाला असता तर सामना फिरला असता. तेव्हा चार्जर्सच्या उचेना न्वोसूने मागून येऊन त्याच्या हातातला चेंडू उडवला आणि संपलं. आघाडीवर असलेला संघ शेवटी सैल खेळतो, पास सोडतो, हे मान्य. पण अडखळलेला मुलगा तीन टप्प्यांच्या हुर्योनंतरही फेकत राहिला, हे मी डोळ्यांनी बघितलं.

आता कालचा सामना. हेच चार्जर्स काल पेट्रियट्सकडे खेळायला गेले, तशीच हलकी फळी घेऊन. समोर त्यांचा ४१ वर्षांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी, जो पळत तर नाहीच. मध्यंतरालाच पेट्रियट्स ३५-७ पुढे. जिथे लामार थबकत होता तिथे ब्रेडी थांबतच नव्हता. लांबचे गडी झाकले की लगेच शेजारच्या जेम्स व्हाइटला छोटा पास, असे पंधरा पास एकट्या व्हाइटने घेतले. आणि फळी हलकी आहे म्हटल्यावर सोनी मिशेल या धावपटूला मधून सरळ घुसवलं, तीन टचडाउन. ब्रॅडलींची युक्ती एका आठवड्यात वाईट झाली नव्हती. ती एका विशिष्ट मुलासाठी, त्याला आज काय येतं आणि काय येत नाही हे मोजून बेतलेली होती. जे येत नाही ते शिकता येण्यासारखं आहे, हे ब्रेडीच्या खेळात अख्ख्या देशाला दिसलं.

असं पूर्वीही घडलंय. २०१३ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉलिन केपर्निकने याच पद्धतीने ग्रीन बेविरुद्ध १८१ यार्ड धावून काढले होते. ग्रीन बेच्या प्रशिक्षकांना ते इतकं झोंबलं की पुढचा मोसम सुरू व्हायच्या आत ते टेक्सास ए अँड एम विद्यापीठात जाऊन ही पद्धत कशी अडवायची ते शिकून आले. सप्टेंबरात पहिल्याच सामन्यात पुन्हा गाठ पडली. त्यांनी केपर्निकचं धावणं बंद केलं, आणि त्याने पासवर ४१२ यार्ड काढून सामना जिंकला. तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या आक्रमणाची आखणी करणारे ग्रेग रोमन आता बाल्टिमोरला आहेत. गेल्या शुक्रवारीच रेव्हन्सने त्यांना आक्रमणाचे प्रमुख केलं. त्यामुळे लामारला बसवतील हा तुमचा अंदाज मला पटत नाही. संघ उलट पुढचं सगळं त्याच्याभोवती बांधायला निघालाय.

मला काळजी आहे ती वेगळीच. वॉशिंग्टनच्या रॉबर्ट ग्रिफिनने २०१२ मध्ये पहिल्याच मोसमात अशीच धमाल केली होती. २०१३ च्या ६ जानेवारीला, इथून जवळच लँडोव्हरच्या मैदानात, बाद फेरीत त्याचा आधीच दुखावलेला गुडघा गेला. पुढच्या वर्षी बचावांनी धावण्याला उत्तर शोधलेलं होतं, आणि पासचं शिक्षण ज्या उन्हाळ्यात व्हायला हवं होतं तो त्याने गुडघा बरा करण्यात घालवला. पहिल्या वर्षाचा तो ग्रिफिन पुन्हा दिसला नाही. आज तो लामारच्याच संघात राखीव क्वार्टरबॅक आहे. लामारला हे कुणी सांगायचं तर त्याच्याइतका अधिकारी माणूस दुसरा नाही.

तर आता सप्टेंबरात लामार खेळायला उतरला की त्याच्या पायांकडे बघू नका. चेंडू हातात आल्यावर त्याचं हेल्मेट कुठे वळतं ते बघा. पहिला गडी झाकलेला दिसल्यावर मान दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे फिरली आणि पास सुटला, तर त्याचा उन्हाळा सत्कारणी लागला असं समजा आणि मला लगेच फोन करा, इथे दुपार असते, मी जागीच असेन.

काकूंना नमस्कार. त्यांच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते कळवा. मार्चमध्ये यायचं नक्की होतंय, तारीख ठरली की लिहीन.

तुमची,
मीनल