आमची गाणी नेलीत, आता एक प्रत गावातही ठेवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

लोकगीतांचं जतन व्हावं, त्यासाठी मंडळं निघावीत, संग्रह व्हावेत, असा मजकूर आपल्या पेपरात अधूनमधून वाचतो. भुलाबाईच्या, म्हणजे आमच्याकडच्या पोरींच्या गाण्यांच्या सणाच्या, महिन्यात तर तो हमखास येतो. लिहिणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण त्यात गाणी गोळा करण्यापलीकडचं काही नसतं. गोळा झालेलं जातं कुठे, कोणाच्या कपाटात पडून राहतं, आणि जिच्या तोंडून ते घेतलं त्या बाईला ते कधी परत ऐकायला मिळतं का, याबद्दल एक ओळ नसते. म्हणून हे पत्र.

मी दर्यापूर तालुक्यातल्या खारपाणपट्ट्यातल्या एका गावचा. धंदा साऊंड सर्विसचा. भोंगे, माइक आणि मशीन यातच उमर गेली, आता पोरगा डीजे चालवतो. लग्न, सप्ता, जयंती, पोळा, भागवत, कोणाच्याही दारात आमचे वायर असायचेच. मशीनला टेपचा डेक जोडलेला असे. हळदीला नवरीची आजी गायला बसली, की मी कोरी कॅसेट टाकून बटण दाबून द्यायचो. कोणी सांगितलं नव्हतं, हौस होती. त्या कॅसेटी लोखंडी पेटीत आहेत.

डीजेनं लोकगीतं मारली असं भाषणात ऐकतो तेव्हा मला हसू येतं. गाणं गेलं ते कामासोबत गेलं. चक्की आली आणि जातं न्हाणीजवळ उलटं पडलं, तिथं ओवी थांबली. निंदणाला पंधरा-वीस बाया पातीनं लागायच्या, एकीनं उचललं की बाकीच्या धरायच्या, बांधापलीकडच्या वावरातून उत्तर यायचं. आता एक माणूस पाठीवर पंप घेऊन तणनाशक मारून दुपारी घरी येतो. त्यानं कोणासोबत गावं? ज्वारीचं तर विचारूच नका. रानडुकरं, पाखरं, मजुरी या कारणांनी लोकांनी ज्वारी सोडली आणि सोयाबीन धरलं. ज्वारी गेली तशी मळणीची गाणी गेली, आणि माळ्यावरच्या जागलीची रात्रीची गाणीही गेली. भुलाबाईच्या मखराला पाच धांडे लागतात, तेही आता पोट्ट्या कोणाच्या तरी कडब्याच्या गंजीतून मागून आणतात. अशा वेळी 'लोकगीत स्पर्धा' भरवून शाळेतल्या पोरींना नऊवारी नेसवली आणि मागे तयार ट्रॅक लावला, म्हणजे जतन झालं असं समजणाऱ्यांना काय म्हणावं?

निंदण परत येणार नाही, यावं असंही मी म्हणत नाही. कंबर मोडायची बायांची. पण ज्यांनी ती गाणी गायली त्या आज सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत, आणि त्यांचा आवाज अजून शाबूत आहे.

माझी एक आत्या त्यातलीच. तिला ओव्या किती येतात ते तिलाही माहीत नाही, जात्याचा खुंटा हातात आला की एकामागे एक येतात. काही वर्षांमागे शहरातल्या एका संस्थेची मंडळी गावात आली. चांगली माणसं होती, चहा घेतला, फोटो काढले, आत्याला खुर्चीवर बसवून दोन दिवस रेकॉर्डिंग केलं. पुढे त्यांची पुस्तिका निघाली म्हणे. ती मला दर्यापुरात एका मास्तरांकडे पाहायला मिळाली. ओव्या आत्याच्याच, पण खाली 'वऱ्हाडातील एक वृद्धा' एवढंच छापलेलं. बोली पुसून पुण्याची भाषा केली होती, त्यामुळे यमक जागच्या जागी मोडलेलं. आणि रेकॉर्डिंग? ते संस्थेत 'सुरक्षित' आहे. पत्र टाकलं, फोन केला, उत्तर नाही. आत्याचं म्हणणं फार साधं आहे, "आवाज नेला भाऊ त्याईनं, आमाले तं एक डाव आयकू बी नाई देला."

नेलेल्या आवाजाची एक प्रत गाणारीच्या गावात असावी, ही मागणी वेडगळ नाही. सगळ्या देशानं ती एकदा केलेली आहे. गोऱ्या संशोधकांनी भारतात येऊन इथलं गाणंबजावणं मेणाच्या नळकांड्यांवर, तबकड्यांवर, टेपांवर भरून नेलं आणि ते युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांत राहिलं. इथल्या माणसाला ऐकायचं तर विमानाचं तिकीट काढावं लागे. त्या ध्वनिमुद्रणांच्या प्रती भारतात असाव्यात, हा 1982 साली सुरू झालेल्या आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी या ध्वनिसंग्रहाचा एक मुख्य हेतू होता. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजनं काढलेला हा संग्रह आज गुरुग्रामला आहे. आर्नोल्ड बाके नावाच्या डच अभ्यासकानं 1930 च्या दशकात दक्षिण भारतात केलेली मुद्रणं घेऊन नझीर जयराजभॉय आणि एमी कॅटलिन हे दोघं 1984 मध्ये त्याच भागांत पुन्हा फिरले, लोकांना ती ऐकवली आणि तेव्हाचं काय उरलं ते पाहिलं. देशानं परदेशाकडे जे मागितलं तेच आमचं गाव शहराकडे मागत आहे, एवढंच.

आपल्या राज्यातही चांगलं उदाहरण आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कितीतरी आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात मोबाइलवर कोणालाही फुकट ऐकता-वाचता येतात. मला त्यात आवडलं ते हे, की ओवीसोबत बाईचं नाव आहे, गाव आहे, आणि ती मंडळी गाणाऱ्यांकडे पुन्हा गेली. बाईचं नाव लिहायला किती शाई लागते? पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत साकोलीच्या झाडीबोली साहित्य मंडळानं बोलीसाठी जिद्दीनं काम केलं, दंडार हे लोकनाट्य आणि नाटकं यांमुळे तिकडचं गाणं अजून मंचावर तरी उभं राहतं. आमच्या वऱ्हाडात लिहिणारे पुष्कळ झाले, त्यांनी शब्द जपले. आवाज मात्र फार थोडे जपले गेले.

शब्द आणि आवाज यातला फरक पाहायचा असेल तर गाडगेबाबा आठवा. बाबांवर किती पुस्तकं आहेत! पण 1956 साली, जाण्याच्या थोडं आधी, वांद्र्याला झालेलं त्यांचं कीर्तन कोणीतरी टेपवर धरलं, म्हणून आज आमच्या पोराबाळांना बाबांचं ते सवालजवाब करणं, लोकांना बोलतं करणं, तो अस्सल वऱ्हाडी ठसका कानानं ऐकता येतो. जन्म शेंडगावचा, म्हणजे आमच्या शेजारच्या अंजनगाव तालुक्यातला, आणि आवाज धरला गेला मुंबईत. यावर जास्त बोलत नाही.

आता थोडं माझ्या धंद्याचं, कारण जतन म्हणणाऱ्यांना यातलं फारसं ठाऊक नसतं. कॅसेट ही कायमची वस्तू नाही. आमच्याकडचा मे महिना आणि पाठोपाठचा दमट पावसाळा, यात फितीला बुरशी धरते, थर सुटतो, फीत फितीला चिकटते. ज्या घरांत आजीचा आवाज होता त्या घरांत पोरांनी त्याच कॅसेटीवर सिनेमाची गाणी भरली, असंही झालं आहे. जी वाचली तिच्यातली फीत आधी हातानं हलकी फिरवून सैल करावी लागते, हेड स्पिरिटनं पुसावं लागतं, डेकचा बेल्ट नवा लागतो. आणि घाई चालत नाही, साठ मिनिटांची कॅसेट वाजवून दुसरीकडे भरायला साठ मिनिटंच लागतात. सेल उतरलेल्या टेपवर भरलेलं गाणं नंतर चांगल्या टेपवर वाजवलं की चढ्या पट्टीत आणि भरभर वाजतं, म्हातारीचा आवाज लहान पोरीसारखा ऐकू येतो. एका पुस्तकी माणसानं अशाच एका कॅसेटीवरून 'वऱ्हाडी बायांची द्रुत लय' यावर माझ्यापुढे व्याख्यान दिलं होतं!

नवीन रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी व्हॉट्सॲपच्या माइकवर भरून पाठवू नये, आवाज दाबला जातो आणि दाबलेला परत उघडत नाही. वेव्ह फाइल करावी, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. तासाला एक जीबीच्या आसपास जागा जाते. चौसष्ट जीबीचा पेनड्राइव्ह म्हणजे अख्ख्या गावाचं गाणं, आणि त्याची किंमत एका डीजेच्या डिझेलइतकीही नाही. पण पेनड्राइव्हही मरतो, म्हणून तीन ठिकाणी ठेवावं, त्यातलं एक गावाबाहेर.

आणि खुर्चीवर बसवून गायला लावू नका. जात्यावरची ओवी जात्यावरच येते. पोळ्याच्या झडत्या, म्हणजे बैलांपुढं म्हणायची गाणी, तोरणाखालीच ऐकाव्यात. बैल सजवून उभे, दोन्हीकडून सवाल-जवाब, सरपंचावर, पटवाऱ्यावर, कापसाच्या भावावर दर साली नवी झडती, आणि शेवटी सगळ्यांचा हर हर महादेव. दुसऱ्या दिवशी ती कोणाच्या ध्यानात नसते. लोकगीत म्हणजे फक्त जुनं असं मानणाऱ्यांनी एकदा आखरावर, पोळा भरतो तिथं, येऊन उभं राहावं.

संग्रह करणारे निवडतातही फार. देवाचं, सणाचं, माहेरचं घेतात. लग्नातल्या विहिणीच्या गाण्यांत ज्या शिव्या असतात त्या वगळतात, कारण सभ्य वाचकाला चालत नाहीत. पण त्यातच तर बायांचा सगळा इरसालपणा आहे. ती गाणी माझ्यासमोर कोणी गायली नसती. माझ्या बायकोनं रेकॉर्डर पदराखाली नाही, उघड ताटाशेजारी ठेवून, सांगून, हसत हसत ती भरून आणली. तसंच दुसऱ्या टोकाला, चौदा एप्रिलच्या रात्री वस्तीतल्या बाया बाबासाहेबांवर गातात ती गाणी. 1956 च्या दीक्षेनंतर नव्या शब्दांनी जुन्या चाली भरल्या गेल्या, आणि कित्येक बायांनी त्या जात्यावर, वावरात गायल्या. लोकगीतांच्या पुस्तकांत त्या शोधायला जा, फार थोड्या सापडतील. गोंधळ्यांचं, डहाका वाजवून गाणाऱ्यांचं, मेळघाटातल्या कोरकू आदिवासींचं गाणंही असंच कोणाच्या तरी मर्जीवर राहिलं आहे.

कायद्याचंही सांगतो. गाणारा नावाजलेला असो की निंदणारी बाई असो, 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 ला दुरुस्ती होऊन आलेल्या कलम 38 नं गाणाऱ्याला आपल्या गाण्याच्या मुद्रणावर हक्क दिला आहे, आणि तो पन्नास वर्षं राहतो. म्हणजे तिला विचारूनच रेकॉर्ड करायचं. कशासाठी घेता, कुठे वाजवणार, हे आधी तिला समजेल अशा बोलीत सांगा. 'नाही' म्हणाली तर मशीन बंद करा. काही गाणी मयतीची असतात, काही देवीसमोरचीच असतात, ती बाहेर वाजू नयेत असं गाणाऱ्यांना वाटू शकतं.

आता माझं मागणं. कोणतीही संस्था, विद्यापीठाचा विभाग, सरकारी केंद्र किंवा हौशी मंडळ गावात येऊन गाणं भरून नेईल, त्यांनी पूर्ण मुद्रणाची एक प्रत गाणारीच्या घरी आणि एक गावच्या वाचनालयात ठेवावी. नवी इमारत नको, निधी नको. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे कितीतरी खेड्यांत 'ड' वर्गाचं का होईना वाचनालय आहे. एक कपाट, एक स्पीकर, एक वही. वहीत गाणारीचं नाव, तिचं माहेर, कोणाकडून शिकली, कोणत्या कामाचं किंवा सणाचं गाणं, हे तिच्याच बोलीत लिहिलेलं. ज्या संस्थांकडे जुनी मुद्रणं पडून आहेत त्यांनी पहिली यादी तरी जाहीर करावी, गावनिहाय. आमच्या तालुक्यातलं तुमच्याकडे काय आहे, एवढं कळलं तरी पोरं मोटरसायकलवर येऊन घेऊन जातील.

आत्याचा आवाज मी पुन्हा भरला, आणि यंदा भुलाबाईला गल्लीतल्या पोट्ट्यांना ऐकवला. दोघीतिघी लगेच तिच्या ओसरीवर जाऊन बसल्या, खाऊ ओळखायचं राहिलं बाजूला. चाल चुकली की म्हातारी काठी आपटते.

संपादक महोदय, आपल्या पेपरानं एवढं करावं. ज्यांच्या घरी जुन्या कॅसेटी आहेत त्यांनी त्या भंगारवाल्याला देऊ नयेत, असं ठळक छापावं. दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, अकोट या बाजूच्या लोकांनी त्या माझ्याकडे आणाव्यात. डेक चालू आहे, बेल्ट नवा टाकला आहे. पैसे घेत नाही, रिकामा पेनड्राइव्ह तेवढा सोबत आणावा, आणि कोण गातं आहे ते सांगू शकेल असं घरातलं एक जाणतं माणूस. लग्नाच्या तारखांना येऊ नये, त्या दिवशी मी घरी नसतो.

माझं नाव छापू नये. पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे, विचारणाऱ्याला द्यावा.

आपला,
एक साऊंडवाला
दर्यापूर तालुका, जि. अमरावती